मोटारीला तारण बसलेली गोजाबाई

गोजाबाईला मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मोटारीच्या चाकावर बसून तंबाखू मळत होती, आणि आमचे गोपाळ मास्तर तिच्यासमोर हात जोडून उभे होते. चाक मास्तरांच्या ओसरीवर आडवं टाकलेलं होतं. मोटार मात्र कुठेच दिसत नव्हती. घोटाळा होता तो तिथेच.

मास्तर माझे शेजारी. सात रस्त्यामागच्या बोळात आमची दारं समोरासमोर. मी कचेरीत कारकून, ते शाळेत इंग्रजीचे मास्तर. एकोणीसशे एकतीस सालची ही गोष्ट. शाळामास्तराने सायकल घेतली तरी लोक त्याला उधळ्या म्हणायचे, अशा काळात मास्तरांकडे मोटार आली ती कशी, हे आधी सांगायला हवं.

मास्तर दोन वर्षं एका संस्थानात राजपुत्राला इंग्रजी शिकवायला गेले होते. संस्थानाचं नाव सांगत नाही. नकाशावर ते शाईच्या डागाएवढं होतं. राजपुत्र इंग्रजी शिकला नाही, पण इंग्लंडातून मोटार मागवायला शिकला. लालभडक, उघडी, दोनच माणसं बसतील अशी, शर्यतीच्या जातीची. ताशी ऐंशी मैल पळणार. संस्थान मुळात अकरा मैल लांब, त्यामुळे गाडी जरा रंगात यायला लागली की दुसऱ्या राजाची हद्द लागायची. राजपुत्राने चार दिवसांत एक म्हैस, तीन कोंबड्या आणि दिवाणजींचं तुळशीवृंदावन उडवलं. राणीसाहेबांनी हुकूम सोडला, की ही अवदसा आजच्या आज राज्याबाहेर गेली पाहिजे. मास्तरांचा दोन वर्षांचा पगार द्यायला खजिन्यात पैसे नव्हतेच. दिवाणजींनी पगाराच्या जागी मोटार दिली, वर नारळ दिला आणि हात झटकले.

संस्थानचा ड्रायव्हर गाडी बोळात उभी करून संध्याकाळच्या आगगाडीने परत गेला. जाता जाता त्याने मास्तरांना फक्त चाक कसं बदलायचं तेवढं दाखवलं. मास्तरांना मोटार चालवता येत नव्हती. अनसूयावहिनींनी मोटारीला एक फेरी घातली आणि म्हणाल्या, "दोन वर्षं वाट बघितली, ती ह्या लाल ढेकणासाठी?" दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीच्या बॉनेटवर पोरांची धुणी वाळत घालू लागल्या. बॉनेट पत्र्याचं, सोलापूरचं ऊन, धुणी घटकेत वाळायची. मोटारीचा तेवढा एकच उपयोग आमच्या बोळाने पाहिला.

मास्तरांनी मोटार विकायची ठरवली. तेव्हा आम्हाला कळलं, की मोटार विकणं सोपं असतं, अवघड असते ती ट्रायल. जो येई तो म्हणे, "ट्रायल द्या." विकणाऱ्याला वाटतं घेणारा चोर आहे, घेणाऱ्याला वाटतं विकणारा लुच्चा आहे, आणि बहुतेक वेळा दोघांचंही बरोबर असतं.

पहिल्या ट्रायलला एक वकील आले. मास्तर त्यांच्याशेजारी बसले. वकिलांनी होटगी रस्त्याला गाडी अशी हाणली की मास्तरांची टोपी उडाली ती अजून सापडलेली नाही. घरी आल्यावर मास्तरांनी आधी भिंत धरली, मग देवाला हात जोडले, आणि शपथ घेतली की पुन्हा त्या सीटवर बसणार नाही. म्हणजे आता गाडी परक्याच्या हाती एकटीच जाणार. म्हणून मास्तर काहीतरी ठेवून घेऊ लागले. एका डॉक्टरांनी घड्याळ ठेवलं आणि बायकोला घेऊन तुळजापूरला देवदर्शन करून आले. घड्याळ बंद होतं. एका पोराने छत्री ठेवली, आठ मित्रांना पाळीपाळीने गावभर फिरवलं, आणि परत आल्यावर ही छत्री माझी नाहीच म्हणून भांडण काढलं. मास्तर बिचारे नवी छत्री देऊन मोकळे झाले.

तेव्हा मी मास्तरांना शहाणपण शिकवलं. "मास्तर, असं काहीतरी ठेवून घ्या की ज्याच्यावाचून माणसाचं अडेल. आणि ते मागचं जादा चाक काढून घरात ठेवा. ह्या जातीचं चाक पुण्यातसुद्धा मिळत नाही म्हणतात. कोणी पळवलं तर बसाल बोंबलत." माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी बायको लग्नापासून सांगत आली आहे. मास्तरांनी माझे दोन्ही सल्ले पाळले.

मंगळवारी सकाळी मी कचेरीत असताना मायाप्पा आला. अक्कलकोटाकडे सडकेच्या खडीचे ठेके घेणारा, तिशीचा धनगराचा पोर, अंगात कोट, मनगटाला घड्याळ आणि समोरचा एक दात सोन्याचा. बरोबर त्याची आई होती. तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता, म्हणून सोलापूरच्या डॉक्टरला दाखवायला आणलेली. डॉक्टरने श्रावणात या म्हटलं, आणि मायाप्पा वाट वाकडी करून मोटार बघायला आला. पायात काही नाही, खांद्यावर काळं घोंगडं, हातात गाठोडं, अशी गोजाबाई त्याच्या मागे दारात उभी राहिली.

पुढचं मला मास्तरांनी सांगितलं. मायाप्पाने मोटारीला चारी बाजूंनी थापटलं. "लई देखनी हाय. पर मास्तर, जुपून बगितल्याबिगर बैलसुदिक कोन घेत न्हाय."

"बघा की," मास्तर म्हणाले. "पण काहीतरी ठेवून जावं लागेल."

मायाप्पा घड्याळ सोडायला लागला. मास्तरांना घड्याळांचा अनुभव होता, ते नको म्हणाले. छत्री तर त्यांनी मनातसुद्धा येऊ दिली नाही. सोन्याचा दात काढून ठेवा म्हणणं बरं दिसत नव्हतं. दोघे असे अडून बसल्यावर मागून म्हातारी म्हणाली, "मी बसते की हितं."

मास्तरांना वाटलं ती दमली आहे. "बसा ना आजी, बसा."

"तसं न्हवं रं. तारन बसते. आमच्यात मेंढरू कुनाला दावाय न्यायचं आसलं तर माणूस बसवत्यात. जवर जनावर माघारी येत न्हाय तवर त्यो माणूस उटत न्हाय. आता माज्यापरास मोटं तारन तू कुटनं आनशील, सांग की."

मास्तर लाजेने लाल झाले. कोणाची आई तारण ठेवून घ्यायची म्हणजे काय! पण मी दिलेला सल्ला त्यांना आठवला, आणि आईवाचून माणसाचं अडतं हे तर शाळेतल्या धड्यांतसुद्धा लिहिलेलं असतं. ते हो-नाही करत होते तोवर म्हातारी ओसरीवरच्या चाकावर बसलीसुद्धा. मायाप्पाने "सात रस्त्याला यक येडा घालून आलो" म्हणून गाडी चालू केली. त्याला चालवता येत होतं, खडीच्या कामावरच्या लॉरीवर हात बसला होता. बोळातली कुत्री भुंकली, धूळ उडाली, आणि गाडी गेली. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

मी कचेरीतून आलो तेव्हा संध्याकाळचे सहा. सुरुवातीला सांगितलेलं ते हात जोडणं तेव्हा चाललं होतं. "आजी, आत चला. निदान सावलीत तरी सरका."

"मी हितनं उटली तर तारन मोडंल, मास्तर. मग तुजी गाडी गेली तर मला बोल लावशील."

"गाडी गेलीच आहे!" मास्तर रडकुंडीला आले होते.

"यील की. माजा ल्योक हाय त्यो." आणि तिने तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. लेकावरचा असा भरवसा मी कचेरीतल्या कोणत्याही बापाच्या तोंडी ऐकलेला नाही, आणि आमच्या कचेरीत बाप पुष्कळ आहेत.

तिने एक गोष्ट सांगितली. ती सात वर्षांची असताना तिच्या बापाला मंगळवेढ्याच्या बाजारात एक एडका आवडला. कळपात सोडून बघतो म्हणाला, आणि पोरीला तारण बसवून एडका घेऊन गेला. दिवसभर ती त्या परक्या मेंढक्याच्या घोंगड्यावर बसून राहिली. रडली नाही. दिवस मावळताना बाप आला, तिला खांद्यावर घेतलं, घरी नेलं. "बाप आला व्हता की न्हाय? मग ल्योक न्हाय येनार?" असं तिचं गणित. मास्तरांनी शाळेत पुष्कळ गणितं पाहिली असतील, पण हे खोडायची त्यांची छाती झाली नाही.

रात्र तिने तिथेच, त्या चाकाला टेकून काढली.

दुसऱ्या दिवशी बोळाला चघळायला विषय मिळाला. मास्तरांनी मोटार दिली आणि सासू घेतली, असं कोणीतरी म्हणालं आणि दुपारपर्यंत ते सात रस्त्यापर्यंत गेलं. मी मास्तरांना घेऊन चौकीवर गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "चोरी लिहू म्हणता? अहो, तुम्ही तारण घेतलंय. तारण तुमच्या ओसरीवर बसलंय. मग चोरी कुठली? उलट त्यानं फिर्याद केली, की माझी आई डांबून ठेवली, तर तुम्ही आत जाल मास्तर." मास्तर परत येताना वाटेत तीनदा अडखळले. मी एकदा हसलो आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की उरलेली वाट मी दहा पावलं मागून चाललो.

त्या दोन दिवसांत गोजाबाईने चाकावर बसल्या बसल्या सगळं घर हाती घेतलं. विहिरीवर आणि परसात जायचं झालं तर ती अनसूयावहिनींना चाकावर बसवून जाई. "तारन रिकामं ऱ्हाता कामा न्हाय," हा तिचा नियम. वहिनी पहिल्या दिवशी तिला वरून पाणी वाढत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या तिच्या जागी तारण म्हणून बसल्या होत्या, आणि समोरून मी बघतोय हे कळल्यावर मलाच डोळे वटारून दाखवत होत्या. वहिनींनी मुद्दाम ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. गोजाबाईने एक तुकडा मोडून बघितला. "ही भाकर न्हवं पोरी, ह्यो पापड हाय. पीट लई सैल मळतीस. हितं आन परात." मग ओसरीवर परात आली. म्हातारीने बसल्या जागी पीठ मळून दाखवलं. त्या दिवशी मास्तरांनी पाच भाकऱ्या खाल्ल्या. मोटार गेलेल्या माणसाला एवढी भूक लागते हे मला ठाऊक नव्हतं.

ती बोलायची भरपूर, पण रडगाणं तिच्या तोंडी नव्हतं. नवव्या वर्षी लग्न झालं, पंचविसाव्या वर्षी नवरा तापाने गेला. मायाप्पा पाठीवर आणि मेंढरं पुढे, असं तिने अर्धा जिल्हा पायाखाली घातला होता. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखतापायी शेतकरी धान्य द्यायचा, त्यावर पोट. लांडग्याला तिने एकदा घोंगडं फेकून पळवला होता. मायाप्पा बारा वर्षांचा झाला तेव्हा म्हणाला, मी मेंढरामागं न्हाय चालनार, दगड फोडीन. फोडला दगड, झाला मुकादम, झाला ठेकेदार. अक्कलकोटात मोठं घर बांधलं, आईला आणून ठेवली. "घर लई मोटं हाय," ती म्हणाली. "म्या कोपऱ्यात बसते. पावनं आलं की त्यो मला म्हनतो, आये, आत जा. आत बी बरं हाय, सावली आसती."

हे तिने सहज सांगितलं. वहिनी मात्र उठून आत गेल्या आणि बराच वेळ चुलीपाशी काहीतरी आपटत राहिल्या. मला माझी आई आठवली. कचेरीतले साहेब घरी आले तेव्हा मीही तिला एकदा आत पाठवलं होतं. तिने लुगडं फाटकं नेसलं होतं म्हणून. आठवून मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी मायाप्पाला मोठ्याने चार शिव्या दिल्या. आपली लाज दुसऱ्याच्या नावाने झाडली की जरा हलकं वाटतं.

एव्हाना मोटारीचं मला काही वाटेनासं झालं होतं. मास्तरांनाही वाटत नसावं. सारा बोळ एकाच गोष्टीकडे डोळे लावून होता, की म्हातारीचा लेक येतो की नाही. कुत्रं भुंकलं तरी आमची दारं उघडत.

तो आला तिसऱ्या दिवशी सकाळी. टांग्यातून. मोटार नाही, कोट धुळीने पांढरा, दाढी वाढलेली. म्हातारीला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण पाऊल वाजताच तिने ओळखलं. तोंड एकदम उजळलं. आम्हा सगळ्यांवरून तिने नजर फिरवली, "बगा" असं नुसतं मानेने म्हणाली, आणि गाठोडं कवेत घेतलं.

"आलास व्हय रं?"

"आलो आये. जरा ऊट."

ती उठली. लुगडं झटकलं, घोंगडं खांद्यावर टाकलं, हात पुढे केला. मायाप्पा वाकला आणि त्याने चाक उचललं.

त्याने चाक उभं केलं, फिरवून बघितलं आणि मास्तरांना म्हणाला, "कुंभारीच्या फुडं फुटलं बगा. दोन दिस अक्कलकोटात हुडिकलं. ह्या मापाचं कुटं गावना. ह्ये न्हेतो, बसिवतो आन गाडी आनून देतो."

मी विचारलं, "आणि ही?"

"ऱ्हाऊ द्या की आनि यक दिस. तारन हाय न्हवं?"

अनसूयावहिनी पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "लाज नाही वाटत तुम्हाला? मेल्या, आई आहे ती तुझी!" वहिनींनी परक्या पुरुषाला एका दमात अहो आणि अरे दोन्ही केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पण गोजाबाईने हात वर केला. तिचा हात अजून पुढेच होता, तोच तिने वर केला.

"तू गप पोरी. ह्यो माजा आन त्येचा येव्हार हाय." मग लेकाकडे वळून म्हणाली, "आडवं कर त्ये चाक."

त्याने केलं. ती पुन्हा चाकावर बसली.

"कमरंचं काड."

मायाप्पा आढेवेढे घ्यायला लागला. गाडीचा आवाज जरा जास्त आहे, टायर मुळात जुनाच असणार, मास्तरांनी किंमत कमी करावी. मास्तर इतके घाबरले होते की त्यांनी फुकटसुद्धा दिली असती. म्हातारी दोघांना मिळून म्हणाली, "तू सांगितलीस तीच किंमत घ्यायची, मास्तर. आन तू तीच द्यायची. तीन दिस म्या बसलीया, त्येचं काय कमी हुईत न्हाय." मायाप्पाने कमरेचा कसा सोडला. पैसे पहिल्या दिवसापासून त्याच्या कमरेला होते. वहिनींनी ते घेऊन आत नेले. मास्तरांचा विश्वास त्यांना त्या क्षणी नव्हता, आणि ते योग्यच होतं.

चाक बसवायला मास्तर हवेच होते. त्या जातीच्या चाकाला मधोमध एक मोठी कानवाली चकती असते, तिला तांब्याचा हातोडा हाणून फिरवायची, आणि ती युक्ती ड्रायव्हरने फक्त मास्तरांना दाखवली होती. बैलगाडी ठरवली. मी कचेरीत पोट दुखतंय अशी चिठ्ठी पाठवली आणि गाडीत चढलो. चाक मध्ये, मायाप्पा आणि मास्तर पुढे, मी आणि गोजाबाई मागे, पाय खाली सोडून. सोलापूर हळूहळू मागे पडत होतं. दोन तासांत ती एकदाच बोलली. "त्या दिशी बापाला एडका पसंत पडला नसंल," ती म्हणाली. "माघारी द्यायलाच आला आसंल त्यो." मी तिला तंबाखू मळून दिली. मला मळता येत नाही. तिने ती तशीच खाल्ली.

कुंभारीच्या पुढे सडकेच्या कडेला ती लाल मोटार एका चाकाने लंगडी होऊन उभी होती. मास्तरांनी हातोडा हाणला. पहिला घाव अंगठ्यावर बसला, दुसऱ्यापासून चकतीवर. चाक बसलं, गाडी चालू झाली. मायाप्पाने कोट काढून शेजारची सीट पुसली. "चल आये. बस."

गोजाबाई सडकेने चालायला लागली. अक्कलकोटाच्या दिशेने. तिचं गाठोडं माझ्या हातात होतं, म्हणून मीही चालायला लागलो.

"आये! सतरा मैल हाय!"

ती चालतच राहिली. मायाप्पा गाडी घेऊन मागे आला. ताशी ऐंशी मैलांची ती गाडी एका म्हातारीच्या चालीने, गुरगुरत, धक्के खात, आमच्या मागून येत होती. रानातली माणसं काम टाकून बांधावर उभी राहिली. मास्तर बैलगाडीतून मागून येत होते, म्हणजे आमची चांगली वरातच झाली होती, फक्त कोण कोणाला नेतंय ते कळत नव्हतं.

"मी कदी आटवले तुला?" मागे न बघता तिने विचारलं.

"लगीच की आये! चाक फुटायच्या आदीच माघारी वळनार व्हतो."

ती चालत राहिली. फर्लांगभर गेल्यावर पुन्हा विचारलं, "कदी आटवले?"

"दुसऱ्या दिशी. सकाळी उटल्या उटल्या."

ती चालत राहिली. उन्हात आणि त्या चालीत गाडीचं पाणी उकळायला लागलं, पुढून वाफा निघाल्या आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मायाप्पा उतरला. आधी त्याने गाडीकडे पाहिलं, मग आईकडे. मग तो पळत पुढे आला आणि तिच्या वाटेत उभा राहिला. घामाने त्याच्या तोंडावरची धूळ ओघळली होती. दगड फोडत होता तेव्हा तो असाच दिसत असणार.

"आये," तो म्हणाला, "गाडी हातात आली आन मला काय बी ध्यानात ऱ्हायलं न्हाय. तू बी न्हाय. घरी ग्यालो, जेवलो, चाक हुडकत हिंडलो. काल रातच्याला लव्हार म्हनला, ह्येचं दुसरं चाक मालकाकडं असंल की. तवा चाक आटवलं. आन चाकावर तू बसली व्हतीस."

मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत देणार. किंवा तिथेच खाली बसणार. ती तशीच उभी राहिली, त्याचं तोंड दिसावं म्हणून डोळे बारीक करून.

"आता खरं बोललास," ती म्हणाली.

तिने माझ्या हातातून गाठोडं घेतलं आणि उलटी फिरून मोटारीपाशी गेली. मायाप्पाने जवळच्या विहिरीतून पाणी आणून गाडीत ओतलं. तोवर ती पुसलेल्या सीटवर चढून बसली होती, पाय वर घेऊन, जात्यापुढे बसल्यासारखी. गाडी चालू झाली तसा तिने एक हात लांब करून चाचपडत त्याचा खांदा धरला.

"हाक," ती म्हणाली. "पर मला इसरशील येवड्या जोरानं नगं."

सडक तिथे सरळ होती आणि मोकळी होती. आम्ही उभे होतो तिथून पुढच्या वळणापर्यंत दोघं आम्हाला बराच वेळ दिसत होते, इतकी ती मोटार सावकाश चालली होती.